हिरव्या टेस्ट्स आणि पपेट ८: माझा अनुभव

काम सांगायला एका ओळीचं होतं: पपेट (सर्व्हर्सची मांडणी कोडने सांभाळणारं साधन) ७ वरून ८ वर जायचं. चाळीसेक मॉड्यूल्स, त्यातली निम्मी आमच्याच टीमने वेगवेगळ्या काळात लिहिलेली. मी जेमफाइलमध्ये (रुबी पॅकेजेसच्या यादीत) आवृत्ती बदलली, बंडल अपडेट मारलं, टेस्ट्स लावल्या. जवळजवळ सगळं हिरवं, म्हणजे पास! इतकी वर्षं हात न लावलेला कोड मोठी आवृत्ती बदलूनही कुरकुरत नाही, याचाच संशय यायला हवा होता. मी मात्र खूश झाले.

लाल होती ती फक्त दोन मॉड्यूल्स, आणि तीही सीआयमधून (आपोआप चालणाऱ्या टेस्ट्समधून) आधीच वगळलेली. कमिट मेसेज होता ‘तात्पुरतं’. तारीख दोन वर्षांपूर्वीची. खोदल्यावर कळलं की टेस्टसाठी लागणारी मॉड्यूल्स ज्या फिक्श्चर्स फाइलमधून येतात, तिथे स्टँडर्ड लायब्ररीची आवृत्तीच लिहिलेली नव्हती, त्यामुळे टेस्टला कायम ताजी प्रत मिळायची. सर्व्हरवर मात्र मॉड्यूल्सच्या आवृत्त्या ठरवणाऱ्या पपेटफाइलने ६ वर खिळा ठोकलेला. म्हणजे आम्ही तपासत होतो एक आणि चालवत होतो दुसरंच. स्टँडर्ड लायब्ररी ९ मध्ये ‘व्हॅलिडेट’वाली जुनी फंक्शन्स काढून टाकली आहेत, म्हणून टेस्ट फुटत होत्या. सर्व्हरवर ती अजून निवांत चालू होती.

ती फंक्शन्स काढून त्याजागी डेटा टाइप्स लिहिले. हे अर्ध्या दिवसाचं काम वाटलं होतं, पण पोर्ट नंबरपाशी अडले. जुनं फंक्शन अवतरणातला ‘२२’सुद्धा पूर्णांक म्हणून चालवून घ्यायचं, नवा इंटीजर टाइप घेत नाही. पपेट जिथून सेटिंग्ज वाचतं त्या हायराच्या फाइल्समध्ये अवतरणातले आकडे शोधण्यात उरलेला दिवस गेला.

खरा धक्का पुढे होता. चाचणीच्या एका अल्मालिनक्स (रेडहॅट घराण्यातल्या) मशीनवर मी एजंट, म्हणजे मशीनवरचा पपेटचा प्रोग्राम, नोऑप मोडमध्ये (काही न बदलता फक्त काय बदलेल ते दाखवणाऱ्या) चालवला आणि आउटपुट सवयीने वरवर चाळत होते. एका ओळीवर थांबले. घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीची कॉन्फिग फाइल इटीसीमधल्या क्रोनी नावाच्या फोल्डरात तयार होणार, असं ते म्हणत होतं. ती जागा डेबियनची. रेडहॅट घराण्यात ही फाइल थेट इटीसीत असते, क्रोनी नावाचा फोल्डर तिथे नसतोच. नोऑप काढलं असतं तर रन आपटला असता.

कारण असं. ओएसफॅमिली, ऑपरेटिंगसिस्टिम वगैरे जुने फॅक्ट्स (मशीनने स्वतःबद्दल दिलेली माहिती) पपेट ८ मध्ये एजंट आपणहून पाठवत नाही. त्यांच्याऐवजी ‘ओएस’ या हॅशच्या आतले फॅक्ट्स वापरायचे. आमच्या कोडमध्ये ‘फॅक्ट्स’ हॅशमधून ओएसफॅमिली वाचून केस (मूल्यानुसार फांदी निवडणारी रचना) लावलेली होती. नसलेली की वाचली की अनडेफ (रिकामं मूल्य) मिळतं आणि केस निमूटपणे डीफॉल्टला जाते. डीफॉल्ट होतं डेबियन. गंमत म्हणजे डबल कोलन लावून फॅक्ट थेट व्हेरिएबल म्हणून वाचायची त्याहून जुनी पद्धत असती तर बरं झालं असतं: पपेट ८ नसलेल्या व्हेरिएबलवर कंपाइलच थांबवतं. कुणीतरी कोड अर्धवट सुधारला, आणि तोच गप्प राहून चुकला.

मग टेस्ट हिरवी कशी? उघडून पाहिली. वरतीच हाताने लिहिलेले फॅक्ट्स: ओएसफॅमिली बरोबर रेडहॅट. खऱ्या मशीनने जे पाठवणं थांबवलं होतं, ते आमची टेस्ट स्वतःच पुरवत होती. असे हाताने लिहिलेले फॅक्ट्स अकरा मॉड्यूल्समध्ये सापडले. एकूण एक काढले आणि मेटाडेटामधल्या ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या यादीवरून फॅक्टरडीबीतले (खऱ्या मशीन्सच्या फॅक्ट्सच्या साठ्यातले) फॅक्ट्स घ्यायला लावले. त्यासाठी आरस्पेक-पपेट-फॅक्ट्स ही जेमही नवी करावी लागली. यावेळी लाल रंग भरपूर दिसला आणि खरंच बरं वाटलं.

दुरुस्तीला पपेट-लिंट हे कोड तपासणारं साधन कामी आलं. जुने फॅक्ट्स शोधून बदलण्याची सोय त्यात आहे. पण मी चालवलं तसं त्याने मॅनिफेस्टच (पपेटच्या कोड फाइल्स) पाहिले. हायराच्या हायरार्कीत (कोणत्या फाइल्स क्रमाने वाचायच्या त्या यादीत) ओएसफॅमिलीवरून फाइलचं नाव बनत होतं, तिथे आता नुसतं ‘डॉट यामल’ उरलं होतं. अशी फाइल नसते, म्हणून तो थरच गळून पडत होता, तोही विनातक्रार. ते ग्रेप करून, म्हणजे फाइल्समध्ये शब्द शोधून, पकडलं. एजंटवर जुने फॅक्ट्स परत चालू करायची सेटिंग आहे, ती लावून मोकळं व्हायचा मोह झाला होता. पण ‘तात्पुरतं’ कमिट नुकतंच पाहिलं होतं.

पपेट ८ सोबत येणाऱ्या रुबी ३.२ मुळे आमच्या दोन कस्टम फॅक्ट्समधलं ‘फाइल डॉट एक्झिस्ट्स’ही मेलं, शेवटचा ‘एस’ काढला की झालं.

मशीन्सवर आठ-दहाच्या गटांनी सोडलं. सगळं सुरळीत, असं वाटेपर्यंत एका सहकाऱ्याचा मेसेज आला: ‘अगं, लॉगिन केल्यावर बॅनरमध्ये ओएसचं नाव रिकामं का येतंय?’ ईआरबी टेम्प्लेट, म्हणजे फाइलचा साचा; त्यातही जुनाच फॅक्ट. तिथे ग्रेप मारायचं राहिलं होतं.