लोकल दिलं म्हणजे काम झालं असं नसतं

मायनर ओटीत, म्हणजे लोकल (तेवढीच जागा बधिर करायचं इंजेक्शन) देऊन छोट्या शस्त्रक्रिया करतात त्या खोलीत, रोज काम करताना आपल्याला सवय होऊन जाते, गाठ लहान, टाके दोन-तीन, दहा-पंधरा मिनिटांचं काम, म्हणून आपण त्याला छोटी प्रोसिजर म्हणतो. टेबलावर आडव्या झालेल्या माणसासाठी ती अजिबात छोटी नसते. त्याला झोपेचं औषध नाही, तो पूर्ण जागा आहे, ट्रेमधला प्रत्येक आवाज ऐकतोय, आणि आपण मात्र एकमेकांशी भलत्याच गप्पा मारतोय, हे मला खरंच खटकतं.

बहुतेकांना सगळ्यात जास्त भीती असते ती बधिर करायच्या इंजेक्शनची, आणि ती उगाच नसते. लिग्नोकेन हे बधिर करायचं औषध ॲसिडिक असतं त्यामुळे आत जाताना जळजळतं, ॲड्रेनलिनवालं तर जास्तच. यावर उपाय अवघड नाहीत, १० एमएल लिग्नोकेनमध्ये १ एमएल ८.४ टक्क्यांचं सोडाबायकार्ब मिसळलं की जळजळ बरीच कमी होते (ब्युपिव्हकेन या बधिर करायच्या दुसऱ्या औषधात मात्र हे करू नका, साका बसतो), औषध फ्रिजमधून काढल्या काढल्या देऊ नका, ३० नंबरची बारीक सुई वापरा आणि हळू द्या. हळू म्हणजे खरंच हळू. मग थांबा! इंजेक्शन दिलं की लगेच ब्लेड हातात घेणारे लोक बघितलेत मी, दोन-चार मिनिटं थांबायला काय जातं? टोचून बघा, टोक लागतंय म्हणाले तर कमाल डोसच्या आत राहून अजून द्या. बधिर करायची क्रीम वापरणार असाल तर ती वर ड्रेसिंग लावून साधारण तासभर आधी लावावी लागते, म्हणजे पेशंट आल्या आल्याच ठरवायला हवं.

आता बोलण्याचं. "काही दुखत नाही हो" हे वाक्य मला बंद करायचंय. दुखलं की त्या क्षणी आपल्यावरचा विश्वास जातो, पुढचं सगळं अवघड होतं. पण दर वेळी "आता टोचतंय, आता खूप दुखेल" म्हणत राहिलं तरी वेदना आणि भीती वाढते, यावर अभ्यास झालेत. मी आधीच एकदा सांगते की सुरुवातीला जळजळेल, मग जागा सुन्न होईल, पण ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवत राहील, ते नॉर्मल आहे. आणि हात वर केला की आम्ही थांबणार. हे सांगितलं की थांबायचंच, "झालंच आता" म्हणून रेटायचं नाही. गंमत म्हणजे ज्यांना थांबवता येतं हे माहीत असतं ते फारसे थांबवत नाहीत.

कॉपर टी बसवताना तर बायकांनी सहन करावं असंच धरून चालतात, याचा मला फार राग येतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये स्पष्ट म्हटलंय की वेदनेबद्दल आधी बोला, पर्याय द्या, गर्भाशयाच्या तोंडाजवळ लिग्नोकेनचा ब्लॉक किंवा जेल उपयोगी पडू शकतं. निदान विचारा तरी!

शेवटही घाईत उरकू नये. रेडेलमायर, काट्झ आणि कानमन या संशोधकांनी २००३ मध्ये ६८२ कोलोनोस्कोपी (नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी) पेशंटवर केलेला अभ्यास छापला, त्यात काहींची नळी शेवटी न हलवता थोडा वेळ तशीच ठेवली, म्हणजे तपासणी लांबली, तरी त्यांना एकूण त्रास कमी आठवला. म्हणून शेवटचा टाका, ड्रेसिंग, चिकटपट्टी सगळं शांतपणे.

एक राहिलंच, आधी कधी रक्त बघून किंवा सुईने चक्कर आली होती का हे विचारून ठेवा. आली असेल तर बसवून काहीच करू नका, झोपवूनच करा, पाय-मांड्या घट्ट आवळून धरायला सांगा, आणि नंतर लगेच उठवू नका. आणि घरी जाताना बधिरपणा उतरायच्या आधीच पॅरासिटामॉल घ्या असं सांगा, मिडॅझोलाम (गुंगीचं औषध) दिलं असेल तर सोबत कोणीतरी हवंच, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.