झाऱ्यातनं पडलेलं ग्रहण

गुरुवार, रात्री साडेदहा

आज मधल्या सुट्टीत आठवीतली एक पोरगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहून आणलेलं. म्हणाली, "मॅडम, 2 ऑगस्ट 2027 ला सूर्यग्रहण आहे. मी वार काढला. सोमवार येतोय, म्हणजे शाळा असणार." मग जरा घुटमळून, "सोडणार काय आम्हाला बघायला?"

इतक्या आधी रजा मागणारा विद्यार्थी माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पहिलाच. मी "बघू" म्हटलं. शिक्षकांच्या तोंडातला हा सगळ्यात वाईट शब्द. पोरांना त्याचा अर्थ बरोब्बर कळतो.

ती गेल्यावर स्टाफरूममध्ये विषय रंगला. एका सरांनी मोबाईलवर कॅलेंडर काढलं आणि जाहीर केलं की त्या दिवशी आषाढातली अमावस्या, तीही सोमवती, म्हणजे गटारी रविवारीच उरकून घ्यावी लागणार. त्यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. दुसरे म्हणाले, ऑगस्टात कोल्हापूरला सूर्य दिसला तर तीच बातमी, ग्रहणाचं काय घेऊन बसलाय. तेही खरंच. इजिप्तमध्ये लक्झरला त्या दिवशी सहा मिनिटांवर खग्रास असणार आहे. आपल्याकडं दुपार कलताना सूर्याला थोडा चावा बसेल, तोही ढगांनी बघू दिलं तर. शेवटी एक मॅडम म्हणाल्या, "एकदा सोडलं की पायंडा पडतो. मग उद्या प्रत्येक मिरवणुकीला सोडा." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी तिथं काही बोलले नाही. संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे.

16 फेब्रुवारी 1980. मी पाच वर्षांची. आपल्या खाली, कर्नाटकात अंकोला-हुबळीकडं खग्रास होतं आणि आमच्या गावी सूर्य जवळजवळ सगळाच झाकला जाणार होता. आजीनं दुपारीच दारं लावून घेतली. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. काकू पोटुशी होती, तिला विळीला, सुईला हात लावू दिला नाही, भिंतीला टेकून बसवून ठेवलं. घरात कंदील लावला. बाहेर कुठंतरी "दे दान, सुटे गिऱ्हाण" अशी आरोळी ऐकू आली, कोंबड्या अवेळी खुराड्यात शिरल्याचा फडफडाट ऐकू आला. एवढंच माझं ग्रहण. पुढं 1995 चं आलं ते ऐन दिवाळीत. 2004 आणि 2012 ला शुक्र सूर्यावरून गेला तो जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आधी. (तो आता 2117 मध्ये जाणार. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ठरवावं.) आभाळालाही जणू शाळेचं वेळापत्रक ठाऊक असावं, असं वाटायचं.

मग 26 डिसेंबर 2019 आला. शाळेचा दिवस, गुरुवार, आणि आमची शाळा तेव्हा सकाळच्या सत्रात. कासरगोड, कोईमतूरकडं कंकणाकृती, आपल्याकडं खंडग्रास, पण सूर्य तीन चतुर्थांशाहून जास्त झाकणारा. आठनंतर लागणार, सव्वानऊ-साडेनऊला ऐन भरात. सातवीच्या भूगोलात सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि ग्रहणं असा धडाच आहे. मी दोन दिवस आधी मुख्याध्यापकांकडं गेले. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टात पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43. अर्धं कोल्हापूर पाण्यात, शाळा बंद, काही शाळांत तर पूरग्रस्तांची वस्ती. ते दिवस भरून काढायला आम्ही शनिवारी पूर्णवेळ शाळा भरवत होतो. "मॅडम, 220 दिवस भरायचेत. त्यात पालकांचे फोन चालू झालेत. तुम्ही खिडक्या लावून तास घ्या." माणूस वाईट नव्हता. त्यांच्या टेबलावरून त्यांचं बरोबरच होतं.

पण खिडक्या लावून ग्रहणाचा धडा शिकवायचा? मला कंदील आठवला.

वाट सापडली ती पीटीच्या सरांमुळं. सातवीला त्या दिवशी तिसरा तास त्यांचा. ते म्हणाले, "पीटी मैदानावरच असतोय की ओ. सोडायचा प्रश्न येतोय कुठं?"

पट 46 चा, आले 21. बाकीच्यांना घरी ठेवून घेतलं होतं. त्यात मार्गशीर्षातला गुरुवार, त्यात अमावस्या, त्यात ग्रहण. म्हणजे गंमत बघा, बघायला सोडायला शाळेकडं वेळ नव्हता, पण न बघण्यासाठी पंचवीस पोरांनी पूर्ण दिवस सुट्टी घेतली, आणि त्याला कुणी पायंडा म्हटलं नाही. शाहू महाराजांनी 1917 मध्ये याच मुलखात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला 1 रुपया दंड होता. त्या दिवशी मी मनातल्या मनात पंचवीस रुपये जमा केले.

ग्रहणचष्मे माझ्याकडं चारच. पोरांना आधी दटावून सांगितलं: एक्स-रेची फिल्म नाही, काजळी धरलेली काच नाही, गॉगल नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही, तो भाजतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. चार चष्म्यांत एकवीस पोरं म्हणजे रांग आली, ढकलाढकली आली. त्यात ढग. मध्येच फाटायचे, मध्येच मिटायचे. एकाची पाळी आली की नेमका ढग. तो रडायला आला.

तेव्हा मला खिचडीच्या खोलीतला झारा आठवला. मावशींकडं गेले तर त्या चुलीपासून लांब, पायरीवर बसलेल्या. "गिराण सुटल्याबिगर मी काय शिजवायची न्हाई बाई. सायबाला सांगा काय सांगायचं ते." म्हटलं, शिजवू नका, नुसता झारा द्या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की ग्रहणाचा परिणाम माझ्यावरच झालाय.

झारा उन्हात धरला. मागं मैदानाची चुन्यानं रंगवलेली भिंत. आणि भिंतीवर झाऱ्याच्या भोकांएवढ्याच कोरी पडल्या. तीस-चाळीस बारक्या चंद्रकोरी, ओळीनं, सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला. भोकं गोल आणि उजेड मात्र कोरीचा. एक क्षण कुणी बोललंच नाही. मग एक पोरगा ओरडला, "मॅडम, सूर्य गाळून पडलाय!" मी वीस वर्षं फळ्यावर तीन गोल काढून जे शिकवत होते ते त्यानं एका वाक्यात संपवलं. प्रत्येक भोक हे सूर्याचं चित्र पाडतं हे नंतर सांगितलं, पण त्याची गरज नव्हती. पोरं बोटांची जाळी करून कोरी पाडायला लागली, एकीनं वहीच्या पानाला कर्कटकानं भोकं पाडून स्वतःचं नाव कोरींत लिहिलं. ऊन मळकट झालं होतं, न घासलेल्या पितळेच्या तांब्यासारखं. सावल्यांना मात्र धार आलेली.

आणि मावशी. कधी आल्या कळलं नाही, पदर डोक्यावर घट्ट ओढून भिंतीपाशी उभ्या. सूर्याकडं पाठ. "वर बघायचं न्हाई म्हंत्यात," त्या म्हणाल्या, "भितीवर बघितलं तर चालतंय की." त्या दिवशी खिचडी साडेअकराला झाली.

दुसऱ्या दिवशी दोन पालक भांडायला आले. ते प्रकरण मुख्याध्यापकांनी चहावर मिटवलं, मला बोल लावला नाही, शाबासकीही दिली नाही.

आता त्या मॅडमच्या पायंड्याविषयी.

शाळा पोरांना सोडत नाहीत हे खरंच नाही. मी पाचवीत असताना आमच्या तालुक्याच्या गावावरून एक मंत्री जाणार होते. कोण ते सोडा. अख्खी शाळा सकाळी नऊला रस्त्याच्या दोन्ही कडेला उभी केली. हातात कागदी झेंडे. तेव्हा कुणी अभ्यासक्रमाचं नाव काढलं नाही, कुणी दिवस मोजले नाहीत. बाराला ताफा आला. सहा-सात गाड्या, काचा वर. एक मुलगी चक्कर येऊन पडली होती, तिला झाडाखाली निजवून तिचा झेंडा तेवढा दुसरीच्या हातात दिला, म्हणजे रांग मोकळी दिसू नये. मी काय बघितलं त्या दिवशी? धूळ. आम्ही बघायला गेलोच नव्हतो. आम्हाला दाखवायला नेलं होतं.

माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. पोरगं प्रेक्षक म्हणून चाललंय की तोरण म्हणून? प्रेक्षक म्हणून चाललं असेल तर एक सकाळ काय, दोन द्याव्यात. तोरण म्हणून असेल तर रविवारीसुद्धा पाठवू नये. आणि ओळखायची खूण सोपी आहे. पोरं आली नाहीत तर तो कार्यक्रम अडतो का? ग्रहणाचं कुणावाचून अडत नाही.

हे लिहायला सोपं आहे. निस्तरायला नाही, हेही इथंच लिहून ठेवते. 2024 च्या ऑगस्टात पॅरिसहून नेमबाजीतलं ब्राँझ घेऊन स्वप्नील कुसाळे आला तेव्हा शहरात मिरवणूक निघाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, बाप शिक्षक. 1952 मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे पहिलं वैयक्तिक पदक. म्हणजे बहात्तर वर्षांनी. खाशाबा तर आपल्या राजाराम कॉलेजचे. असल्या दिवशी पोरांना फळ्याकडं तोंड करून बसवणारी शाळा कोल्हापुरात असू नये असं मी तावातावानं बोलले, आणि बोलणाऱ्याच्याच गळ्यात घंटा पडते तशी ती माझ्या गळ्यात पडली. ज्यांना यायचंय आणि ज्यांचं संमतीपत्र आहे तेवढेच घेऊन गेले. एकोणीस पोरं.

परत मोजली तर अठरा.

त्या चाळीस मिनिटांचं काय लिहू. हलगी, डीजे, गुलाल, सगळीकडं एकाच उंचीची डोकी. कुठल्याही पांढऱ्या शर्टाला मी हाका मारत होते. घसा बसला. शेवटी पोरगा सापडला तो एका टेम्पोमागं नाचत बिंदू चौकापर्यंत गेलेला, घामानं निथळलेला आणि खूश. मी त्याला मारलं नाही, पण हात उचलला होता हे खरं. "पदक बघितलंस का तरी?" विचारलं. "न्हाई मॅडम, समोर एक दांडगा माणूस हुता. त्याचा शर्टच बघितला." तोच पोरगा पुढच्या आठवड्यात क्रीडाशिक्षकांकडं रायफल कुठं शिकवतात विचारत होता. शर्ट बघून.

म्हणून मुख्याध्यापक "नको" म्हणतात तेव्हा मला आता पूर्वीसारखा राग येत नाही. ते दिवसांचं नाव सांगतात, पण त्यांच्या डोळ्यापुढं तो एकोणिसावा असतो. तसं असेल तर तसंच म्हणावं. मनुष्यबळ द्या, दर दहा पोरांमागं एक मोठं माणूस द्या, चार पालकांना सोबत घ्या. अभ्यासक्रम बुडतो हे कारण मात्र सांगू नये. स्नेहसंमेलनाच्या तालमींना महिना जातो तेव्हा तो कुठं बुडत नाही.

निघताना त्या पोरीला व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, ढग असणार गं ऑगस्टात. म्हणाली, "माहीत आहे. पण शाळेनं सोडलं आणि ढग आले तर निदान ढगाला शिव्या देता येतील." तिचं अजून एक गणित झालेलं होतं. 2027 च्या ऑगस्टात त्यांची तुकडी दहावीला असेल. दहावीला शाळा सुटल्यावर जादा तास असतात, आणि जादा तासाला कुणालाही, कशासाठीही सोडत नाहीत.

दहावीच्या जादा तासांचं वेळापत्रक गेली सहा वर्षं मी करते.