बारा दिवसांची मलावी

ग्लासगोजवळ ब्लँटायर नावाचं गाव आहे. 1813 मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनचा जन्म तिथे झाला. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका मोठ्या शहराचं नावही ब्लँटायरच, त्याच्या या गावावरून ठेवलेलं. जूनमध्ये आमच्या चर्चच्या नऊ जणांबरोबर मी या ब्लँटायरजवळून निघून त्या ब्लँटायरला पोचले आणि तिथून मलावी सरोवराकाठच्या एका खेड्यात. मुक्काम बारा दिवसांचा.

निघण्याआधी आमच्यातल्या तरुणांनी ठरवलं होतं, शाळेची एक खोली आपल्या हातांनी बांधायची. तिथल्या पाळकांनी पहिल्याच संध्याकाळी त्याला नकार दिला. तिथल्या चिचेवा भाषेत पाळकांना 'आबुसा' म्हणतात. आबुसा म्हणाले, "आमच्याकडे गवंडी आहेत आणि त्यांच्या हाताला काम नाही. तुम्ही मजुरीचे पैसे द्या, भिंत ते बांधतील. मला माणसं हवी आहेत ती चष्म्यांच्या टेबलावर." आमची मुलं हिरमुसली. मला मात्र हे ताबडतोब पटलं. ज्यांनी कधी थापी हातात धरली नाही, त्यांनी विमानाचं भाडं भरून भिंत बांधायला कशाला जायचं? त्याच भाड्यात कितीतरी गवंड्यांचे कितीतरी दिवस निघाले असते.

चष्म्यांचं काम साधं असतं. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, ते जगात सगळीकडेच. अधिक एकपासून अधिक साडेतीनपर्यंतचे तयार चष्मे आम्ही नेले होते. ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी अक्षरांचा तक्ता, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी सुई-दोरा.

दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या. वडीलधाऱ्यांना तिथे 'आगोगो' म्हणतात. त्यांनी सुई हात ताणून लांब धरली, दोरा ओला केला, पुन्हा पुन्हा टोक हुकलं. दोनचा चष्मा लावला, जमलं नाही. अडीचचा लावला आणि दोरा सुईतून आरपार गेला. त्या हसल्या नाहीत की बोलल्या नाहीत. कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या, म्हणजे रंगीत कापडाच्या, गाठीतून त्यांनी कापडात गुंडाळलेलं बायबल काढलं. 'बुकू लोपातुलिका', 1922 पासून चालत आलेलं चिचेवा भाषांतर. पानांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या. मग अक्षरांखाली बोट सरकवत, ओठ हलवत त्या वाचत बसल्या. मागची रांग थांबून होती. कुणी घाई केली नाही. एक पान संपल्यावर त्या उठल्या, "झिकोमो", म्हणजे धन्यवाद, म्हणाल्या आणि गेल्या.

त्याच दुपारी माझ्या हातून चूक झाली. एका कोळी आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, बुबुळं दुधासारखी. आमच्या पेटीत त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. मला राहवलं नाही. "पुढच्या वर्षी डॉक्टर घेऊन येऊ," मी बोलून गेले. आबुसांनी ते भाषांतर करून सांगितलंच नाही. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, ते वर्षभर वाट बघतील. तुम्ही आला नाहीत तर खोटा मी ठरेन." रात्री मच्छरदाणीत पडल्यावर माझ्या लक्षात आलं, तो शब्द मी आजोबांसाठी दिलाच नव्हता. मला रिकाम्या हाताने त्यांच्यासमोर बसवत नव्हतं, म्हणून दिला होता.

सुट्टीच्या दिवशी आम्ही सरोवराकाठच्या केप मॅक्लिअरला गेलो. 1875 मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या मिशनने इथे तळ टाकला होता. मलेरियाने माणसं गेली, त्यांतल्या काहींच्या कबरी तिथेच आहेत. 1881 मध्ये मिशन बांडावेला हललं, 1894 मध्ये डोंगरावर खोंडोवेला. त्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर रॉबर्ट लॉज 1927 मध्ये परतले. म्हणजे बावन्न वर्षं. त्या मिशनच्या पाठोपाठ ब्रिटिश सत्ताही आली, हे मी विसरत नाही. पण त्या कबरींसमोर उभं राहून माझे बारा दिवस मोजताना घसा दाटून आला.

खेड्यात परत आल्यावर मी आबुसांना विचारलं, आम्ही गेल्यावर इथे काय राहील? त्यांनी चर्चच्या महिला मंडळातल्या दोघींना बोलावलं. उरलेले चार दिवस टेबलावर त्या बसल्या, मी शेजारी. तिसऱ्या दिवशी त्यांना माझी गरज उरली नव्हती. कुठल्या आजी दिसत असूनही लाजून "नाही" म्हणतात, हे त्यांना बरोबर कळायचं; मला ते कधीच कळलं नसतं. उरलेले चष्मे आणि एक वही त्यांच्याकडे राहिली. वहीत सतरा नावं, जिल्ह्याच्या दवाखान्यात डोळे दाखवायला न्यायच्या माणसांची. गाडीभाडं मंडळीच्या दानातून.

परवा आबुसांचा मेसेज आला. अकरा जण जाऊन आले. कोळी आजोबा अजून गेलेले नाहीत, ऑपरेशनची त्यांना भीती वाटते. दोघींपैकी एक रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसते, असं त्यांनी लिहिलंय.