आधी ऊन, मग पाणी

घट बसायच्या आत घर झाडून-पुसून झालं पाहिजे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. पंचाईत एवढीच, की घट पंचांगाने बसतात आणि पाऊस त्याच्या मर्जीने जातो. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून घटस्थापना १५ ऑक्टोबरला आली. २०२५ साली ती २२ सप्टेंबरलाच उरकली. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जायची हवामान खात्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. म्हणजे एखाद्या वर्षी भिंती अजून पाणी पीत असतानाच आपण घर धुवायला काढतो. घट लवकर आले तर त्याआधी देवघर, स्वयंपाकघर आणि जळमटं एवढंच उरकावं. बाकी सगळं दसरा ते दिवाळी, ऑक्टोबर हीट म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो त्या उन्हात.

धुळीचं काय, ती बारमाही. या दिवसांत काढायची ती चार महिने मुरलेली ओल. म्हणून पहिल्या दिवशी बादलीला हात लावू नये. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढायची, दारं उघडी टाकायची, गाद्या-गोधड्या दहा वाजता उन्हात घालून दुपारी एकदा उलटायच्या. त्या आत घेतल्यावर लगेच घडी घालू नये. उन्हाचा ताव निवाला की मग. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नयेत, त्यांना चिरा जातात आणि शिजवताना कणी होते. डाळींना ऊन मानवतं.

दुसऱ्या दिवशी वरून खाली. माळा, जळमटं, मग पंखे. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून दोन्ही बाजूंनी धरून ओढला, की धूळ अभ्र्यातच राहते. पातं खाली दाबू नये. जरा जरी वाकलं तरी पंखा डुलायला लागतो आणि आपण दोष देतो मेकॅनिकला.

भिंतींशी जरा दमाने घ्यावं लागतं, कारण तिथे दोन रोग एकसारखे दिसतात. काळपट-हिरवट, कुबट वासाची ती बुरशी. पांढरी, भुरभुरीत, वास नसलेली पूड म्हणजे लोणा, ओलीबरोबर भिंतीतून वर आलेला क्षार. बुरशी कोरड्या ब्रशने घासली तर तिची पूड घरभर उडते, म्हणून ती ओल्या फडक्याने टिपायची आणि फडकं टाकून द्यायचं. लोण्याचं बरोब्बर उलटं: ओल्या फडक्याने पुसला तर तो पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीतच शिरतो, तेव्हा कोरड्या ब्रशने झाडायचा. दोन्हीचं मूळ गळतीत. ती न शोधता पोपड्यांवर पुट्टी आणि रंग चढवणं म्हणजे पुढच्या श्रावणापर्यंतची उधारी.

मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याला अजूनही चुन्यासारखं औषध नाही. तो जात्याच दाहक, बुरशी त्याच्यावर सहसा टिकत नाही. कळीचा चुना १ किलो, पाणी ५ लिटर. पाण्यात चुना थोडा थोडा टाकावा. चुन्यावर पाणी ओतलं की तो उकळून अंगावर उडतो. भांडं लोखंडी पत्र्याचं घ्यावं. प्लॅस्टिकची बादली उष्णतेने मऊ पडते आणि अॅल्युमिनियमला चुना खातो. चोवीस तास मुरला की फडक्यातून गाळून त्यात गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घालायचा, नाहीतर भिंतीला टेकणाऱ्या प्रत्येकाची पाठ पांढरी. भिंत आधी हलकी ओली करून पातळ हात द्यायचे. ओला चुना पारदर्शक दिसतो, म्हणून घाईने जाड थापू नये; जाड थराच्या खपल्या पडतात. ऑइलपेंटवर तो धरतच नाही. आणि हे सगळं करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

मग अंगण. पायरीवरचं शेवाळ ओलं असतानाच खराट्याने खरवडावं. वाळलं की चिकटून बसतं. ब्लीचिंग पावडर वापरायची तर तिच्यात संडास धुवायचं अॅसिड कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. टाकळा, आघाडा, गाजरगवत बी पडायच्या आत उपटावं, गाजरगवताला हातमोजे घालून. लाकडांचा आणि चिऱ्यांचा ढीग हाताने नव्हे, लांब काठीने हलवावा; विंचू-सापांना तीच जागा आवडते.

कुंड्यांखालच्या बशा, करवंट्या, टायर नुसते उपडे करून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. पाणी ओतल्यावर काथ्याने आतून घासायचं.

कोकणात मातीचं अंगण अजून शिल्लक असेल तर खरी मेहनत तिथे. वरचा दोन-तीन बोटं थर उकरून ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, खड्ड्यांत नवी माती घालायची आणि उतार घरापासून बाहेर ठेवायचा. पाणी शिंपून रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी मूठभर माती दाबून पाहावी: गोळा झाला आणि बोटांना चिकटला नाही, तर चोपायला घ्यावं. जास्त ओली माती चोपण्याला लागून निघून येते, कोरडी नुसतीच फुटते. जमीन घट्ट झाली की सारवण. शेण ताजं घ्यावं, काड्या निवडून टाकाव्यात आणि हातावरून सहज ओघळेल इतकं पातळ कालवावं. पहिला हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. रणरणत्या दुपारी सारवलं तर वरची साय आधी वाळून भेगा पडतात, म्हणून सकाळी लवकर आटपावं. वाळेपर्यंत कोंबड्या डालून ठेवाव्यात. त्यांची नखं उमटली तर तेवढाच तुकडा पुन्हा सारवता येतो, पण ठिगळ दिवाळीभर दिसत राहतं.