दोन विहिणी, दोन जिने

गुरुवार, रात्रीचे सव्वादहा. जूनमध्ये पॅरिसला या वेळीही खिडकीत उजेड असतो. झोप येत नाही, तर लिहून टाकते.

मुलगा आणि सूनबाई दोघंही ऑफिसात, म्हणून त्यांनी आम्हा दोघी विहिणींना लुआर नदीच्या खोऱ्यातल्या शातोंच्या, म्हणजे जुन्या राजेशाही वाड्यांच्या, सहलीला पाठवलं. आठ जणांची छोटी गाडी, सकाळी सातला निघाली. विहीणबाईंचा गुरुवारचा उपास. त्यांच्या पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू, माझ्या पर्समध्ये गुडघ्याचं मलम. पंधरा दिवस एका घरात राहतोय, पण बोलतो फार जपून. आमटीत गूळ घालायचा की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

आधी शांबोर. किल्ला म्हटलं की मी तट आणि दिंडी दरवाजा शोधणार. इथे बुरूज आहेत, पण शोभेचे. पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५१९ साली शिकारीसाठी हे बांधायला घेतलं. ४४० खोल्या! आणि ३२ वर्षांच्या राज्यात स्वारी इथे राहिली ती सगळे दिवस मिळून अडीच महिन्यांच्या आत. राजा आला की पलंग-पडदे बरोबर यायचे, गेला की वाडा रिकामा. "आणि केर कोण काढायचं?" विहीणबाईंचा प्रश्न. गाइडकडे उत्तर नव्हतं.

मधोमध तो प्रसिद्ध जिना. एकाच खांबाभोवती दोन जिने एकमेकांत गुंफलेले. एकाने चढणारा दुसऱ्याने उतरणाऱ्याला कुठेच आडवा येत नाही. लिओनार्दो दा विंचीची कल्पना असावी म्हणतात, पण तो काम सुरू व्हायच्या आधीच वारला. आम्ही एकेक जिना धरला. मधल्या पोकळीच्या खिडक्यांतून विहीणबाई दिसायच्या, पुन्हा गायब. तिसऱ्या खिडकीत त्यांनी हात हलवला आणि शाळकरी मुलीसारख्या हसल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

शनोंसो मात्र खरंच घर वाटतं. शेर नदीवर आडवं बांधलेलं आणि बायकांनी वाढवलेलं. दुसऱ्या आंरी राजाने ते आपल्या लाडक्या दियानला दिलं, तिने नदीवर पूल बांधला. १५५९ साली राजा भाल्याच्या खेळात जखमी होऊन गेला, तशी राणी कातरिनने दियानला तिथून उठवलं, बदल्यात शोमोंचा शातो घ्यायला लावला आणि तिच्याच पुलावर साठ मीटरचं दालन चढवलं. आज दियानच्या खोलीत शेकोटीवर तसबीर आहे ती कातरिनची. विहीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. "सवतीच्या उशाशी जाऊन बसली हो, ताई!"

त्या दालनात पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. दुसऱ्या महायुद्धात शेर नदीच सीमा झाली. पुढचा दरवाजा जर्मनांच्या ताब्यातल्या भागात, दालनाचं पलीकडचं दार मोकळ्या भागात. त्या दारातून माणसं निसटली. खाली पुलाच्या खांबांमधल्या स्वयंपाकघरात तांब्याची लखलखीत पातेली बघून आम्ही दोघी एकदम म्हणालो, "चिंचेनं घासली असतील." मग भूक लागली. बाकीच्यांनी बकरीच्या दुधाचं चीज आणि पाव घेतला. मी लाडूच खाल्ला. तो मऊ होता, हे तोंडावर सांगितलं.

शेवटी व्हूव्हरे गावचा वाइनवाल्यांचा द्राक्षमळा. शातोंसाठी दगड काढून झालेल्या गुहांतच यांची तळघरं. आत इतकं गार की जूनमध्ये शाल घेतली. द्राक्ष शेनिन ब्लांक, आमच्या नाशिकलाही वाइनवाले लावतात तेच. वेलींना नुकता मणी धरत होता. भावाची निफाडला बाग, त्यामुळे मी गाइडमार्फत मालकीणबाईंना सांगितलं की आमच्याकडे छाटणी दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. त्यांना खरंच वाटेना. त्यांच्या वेली थंडीत झोपतात, छाटणी एकदाच.

मग पेले आले. मी विहीणबाईंचा पेला हळूच बाजूला सरकवायला गेले, उपास म्हणून. त्यांनी हात धरला.

"द्राक्षं उपासाला चालतात."

दोन पेले झाले. निमगोड त्यांना जास्त आवडली. एक बाटली विकतही घेतली. ती आत्ता माझ्या शालीत गुंडाळून माझ्या बॅगेत आहे, कारण गाडीतून उतरताना त्या कानात म्हणाल्या, "जावईबापूंना सांगू नका हं."

माझ्याच मुलाला!