भांडण अमेरिका-चीनचं, भाव आपल्या पऱ्हाटीचा

30 ऑक्टोबर 2025 ला ट्रम्प आणि शी जिनपिंग दक्षिण कोरियातल्या बुसानला भेटले. चीन वर्षअखेरपर्यंत 1 कोटी 20 लाख टन आणि पुढची तीन वर्षं दरसाल अडीच कोटी टन अमेरिकन सोयाबीन घेईल, असं अमेरिकेनं जाहीर केलं. अशी बातमी आली की आपल्याकडे पारावर एकच चर्चा असते: आता सोयाबीन किती वर जाणार?

त्याआधी हिशोब करू. शिकागोच्या सोयाबीन बाजारातला भाव बुशेल या मापात असतो. सोयाबीनचं एक बुशेल म्हणजे 27.2 किलो, म्हणजे टनात पावणेसदतीस बुशेल. भाव 11 डॉलर आणि डॉलर 88 रुपये धरला, तर क्विंटलला साधारण 3,550 रुपये होतात. आपला 2025-26 चा हमीभाव 5,328. म्हणजे शिकागो 'तेजीत' असूनही आपल्या हमीभावाच्या बरंच खाली. चीननं कोणाकडून घेतलं यानं फक्त जहाजांच्या वाटा बदलतात. 2018 च्या जुलैत चीननं अमेरिकन सोयाबीनवर 25 टक्के कर लावला, तर शिकागो पडलं, ब्राझीलच्या मालाला जादा दर मिळाला आणि जगाचा एकूण माल तेवढाच राहिला.

आपल्या सोयाबीनचा भाव दोन गोष्टींवर ठरतो. क्विंटलभर दाण्यातून 18 किलोच्या आसपास तेल निघतं आणि 80 किलोच्या आसपास ढेप, ज्याला व्यापारी डीओसी म्हणतात. तेलाचा भाव दिल्लीच्या आयात शुल्कावर हलतो. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं आणि मे 2025 च्या शेवटी, ऐन पेरणीच्या तोंडावर, साडेसोळावर आणलं. ढेपेचंही तसंच. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं आणि त्याच महिन्यात 12 लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) ढेप आयात करायला परवानगी मिळाली. डिसेंबरात वायदेबाजारातले सोयाबीनचे सौदेही बंद. म्हणून माझं सरळ मत आहे: बुसानपेक्षा दिल्लीची अधिसूचना आधी वाचा.

कापसात, म्हणजे आपल्या पऱ्हाटीत, हे आणखी उघडं दिसतं. अमेरिकेचं यादवी युद्ध 1861 ला सुरू झालं, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. तेव्हापासून आपलं वावर परदेशी बाजाराला, आज न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराला, बांधलेलं आहे. फरक एवढाच, की आता त्या दोराला दिल्लीची गाठ आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के कर लावला. त्यातले 25 टक्के रशियाचं तेल घेतो म्हणून. कापड आणि तयार कपड्यांच्या निर्यातदारांना फटका बसला, आणि त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टपासून काढलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदतवाढ 31 डिसेंबरपर्यंत. आपल्याकडे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून वेचणीला सुरुवात होते आणि जिनिंगचे काटे सुरू होतात, नेमकी तीच मुदत. रशिया-अमेरिकेच्या ताणाची किंमत यवतमाळच्या कास्तकारानं मोजली, ती अशी.

किती मोजली, तेही काढता येतं. एक खंडी रुई (सरकी काढलेला कापूस) म्हणजे 355.6 किलो, साधारण 784 पाउंड. न्यूयॉर्कचा भाव पाउंडाला 65 सेंट आणि डॉलर 88 धरला, तर खंडी 45,000 च्या जवळ जाते. जहाजभाडं, विमा वेगळा. क्विंटलभर कापसातून 34 किलो रुई आणि 64 किलोच्या आसपास सरकी धरा, बाकी घट. रुईचे 4,300, सरकी 34 रुपये किलोनं 2,175. मिळून 6,475, आणि त्यातून जिनिंगचा खर्च जायचा. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव 8,110. हा फरक खासगी व्यापारी भरून देणार नाही, त्यामुळे अशा वर्षी सीसीआयशिवाय, म्हणजे हमीभावानं घेणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाशिवाय, वाट नसते.

11 टक्के शुल्क म्हणजे या खंडीवर 4,950 रुपये, कापसाच्या क्विंटलला पावणेपाचशे. डॉलर एक रुपयानं महागला की क्विंटलमागे 49 रुपये वाढतात, न्यूयॉर्क एक सेंट हललं की 66. हे तीन आकडे पाठ असले की बातमी ऐकतानाच तिचं वजन कळतं. सीसीआयला देताना मात्र सगळं ओलाव्यावर अडतं. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे दर टक्क्याला कपात, 12 च्या वर घेतच नाहीत. सकाळी दवात वेचलेला कापूस त्याच दिवशी गाडीत भरला, तर या सगळ्या हिशोबाला अर्थ उरत नाही.

खताची गोष्ट वेगळी आहे. तिथे दिल्लीचा हात तोकडा पडतो. डीएपीसाठी (डाय-अमोनियम फॉस्फेट) आपण बाहेरच्या मालावर आणि बाहेरच्या कच्च्या मालावर अवलंबून आहोत, पोटॅश तर जवळपास सगळंच बाहेरून. चीननं 2021 च्या ऑक्टोबरपासून फॉस्फेटची निर्यात आवळली, 2022 ला युक्रेनचं युद्ध आलं. डीएपीच्या गोणीवर 1,350 छापलेलं असतं, पण मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात गोणीच नसते. किंवा असते, पण नको त्या औषधाच्या बाटलीसोबत.

डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद (फॉस्फेट) आणि 9 किलो नत्र असतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांत 24 किलो स्फुरद मिळतं, शिवाय 16 किलोवर गंधक, जे सोयाबीनला हवंच असतं. नत्रासाठी 20 किलो युरिया जोडला की झालं. पेरणी यंत्रासाठी दाणेदारच घ्या, भुकटी नळ्यांत अडकते. युरिया आणि सुपर फॉस्फेट रात्री मिसळून ठेवलं तर सकाळपर्यंत ओलं चिकट होतं, म्हणून मिश्रण वावरातच, पेरणीच्या वेळी करायचं. आणि युरिया बियाण्याला लागू द्यायचा नाही. खताची नळी बियाण्याच्या नळीपासून बाजूला आणि थोडी खोल ठेवायची, नाहीतर उगवण मार खाते.