सिग्नलला थरथरणारी गाडी आणि बोटभर रबरी नळी

मार्च महिन्यात सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला उभा असताना माझ्या अकरा वर्षे जुन्या पेट्रोल गाडीचे स्टिअरिंग हाताखाली थरथरत असल्याचे मला प्रथम जाणवले. एरवी साडेसातशेवर स्वस्थ बसणारा आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा सहाशे ते नऊशेच्या दरम्यान वरखाली होत होता आणि एसी लावला की गाडी आता बंद पडते की काय असे वाटे. पुणे रस्त्याला ऐंशीच्या वेगाने जाताना मात्र काहीच तक्रार नसे. सकाळी थंड इंजिनलाही हा त्रास फारसा नव्हता. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालून इंजिन पुरते तापले की तो सुरू होई. ही गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण गॅरेजमध्ये ती सांगायची राहून गेली आणि तेच नडले.

ज्या गॅरेजमध्ये गाडी प्रथम नेली, तेथे चारही स्पार्क प्लग बदलले आणि कार्बन धरलेली थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप, साफ करून दिली. बिल तीन हजार आठशे रुपये झाले. ही कामे अगदीच अनाठायी होती असे मी म्हणणार नाही, कारण प्लगची मुदत तशीही संपत आली होती. पण तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तशीच थरथरू लागली. मग ‘पेट्रोल खराब मिळाले असेल, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर गेले असतील, चारही बदलून टाकू’ असे सांगण्यात आले. कोणतेही मोजमाप न घेता एकामागून एक भाग बदलत जाणे म्हणजे माझ्या पैशांनी अंदाज बांधणे होते, म्हणून मी गाडी घरी आणली.

काढलेले जुने प्लग मी मागून घेतले होते. चारही प्लगांच्या टोकाची चिनी माती फिकट तपकिरी असायला हवी, ती पांढुरकी पडली होती. एकाच प्लगचा रंग वेगळा असता तर दोष त्या एका सिलिंडरमध्ये शोधावा लागला असता. चारही सारखेच पांढरे, म्हणजे सगळ्याच सिलिंडरमध्ये पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जात होती. एका मित्राचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर आणून स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला, तेव्हा पी ०१७१ हा कोड निघाला. मिश्रण पातळ झाले आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते कशामुळे झाले हे तो सांगत नाही, त्यामुळे कोड पाहून ताबडतोब धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलणारे लोक मला धाडसी वाटतात.

खरा धागा फ्युएल ट्रिमच्या, म्हणजे गाडीचा संगणक पेट्रोलच्या मापात करत असलेल्या दुरुस्तीच्या, आकड्यांनी दिला. इंजिन आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता नुसते चालू, असताना संगणक ठरलेल्या मापापेक्षा सुमारे २२ टक्के जास्त पेट्रोल सोडत होता. अॅक्सिलरेटर दाबून आरपीएम अडीच हजारांवर धरले की तोच आकडा पाचावर उतरे. इंधनाचा पंप किंवा फिल्टर कमकुवत असता तर आरपीएम वाढल्यावर हा आकडा आणखी चढला असता. येथे उलटे घडत होते. माझ्या गाडीत आत येणारी हवा एअर फिल्टरच्या पुढे बसवलेला सेन्सर मोजतो आणि १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या हिशेबाने इंजेक्टर चालतात. त्या सेन्सरच्या पलीकडे कोठून हवा शिरली, तर ती मोजणीत येतच नाही. आयडलला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असल्याने सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात मोठा असतो आणि लहानशा भेगेतूनही हवा जोराने ओढली जाते. थ्रॉटल उघडला की मोजलेली हवाच इतकी वाढते की त्या चोरट्या हवेचा वाटा नगण्य ठरतो.

आकडे कागदावर लिहून मी पूर्व भागातील एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. कागदाकडे त्यांनी जेमतेम पाहिले.

“साहेब, इंजिन तापवून आणलंय ना? थंड गाडीत काय सापडणार?”

“तासभर फिरवूनच आणलीय, अण्णा.”

अशा वेळी कार्बोरेटर क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत आहे, पण तापलेल्या इंजिनवर तो पेट घेऊ शकतो म्हणून अण्णा ते करत नाहीत. त्यांनी पक्कडीच्या तोंडाला फडके गुंडाळले आणि मॅनिफोल्डला जाणारी एकेक रबरी नळी चिमटत गेले. पहिल्या दोन नळ्यांना काही फरक पडला नाही. तिसरी, पीसीव्ही व्हॉल्व्हपासून मॅनिफोल्डकडे जाणारी, मॅनिफोल्डच्या तोंडाशी चिमटताच इंजिनचा आवाज एकदम सरळ झाला. सोडली की पुन्हा थरथर. पिस्टन रिंगांमधून खाली निसटणारे वायू पुन्हा जाळण्यासाठी मॅनिफोल्डमध्ये नेण्याचे काम या नळीचे. वरून ती धडधाकट दिसत होती. अण्णांनी ती काढून माझ्या हातात दिली आणि वाकवायला सांगितले, तेव्हा वळणाच्या खालच्या बाजूला, जेथे नजर पोहोचत नाही तेथे, नखाएवढी भेग उघडली. रबर तेलाने फुगून एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला पापडासारखे कडक झाले होते. थंड असताना भेग मिटलेली राही आणि इंजिन तापून रबर सैल पडले की ती तोंड उघडे.

नवी नळी, दोन क्लिपा आणि मजुरी मिळून साडेचारशे रुपये लागले. स्कॅनरने कोड पुसला आणि साठलेली ट्रिमची मूल्ये शून्यावर आणली, कारण जुनी सवय लागलेला संगणक काही काळ जास्तच पेट्रोल सोडत राहिला असता. दुसऱ्या दिवशी तुळजापूरला जाऊन आल्यावर पार्क चौकात सिग्नलला थांबून पाहिले: एसी चालू, काटा स्थिर, ट्रिम ३ टक्के. पायाला अजून जी किंचित थरथर जाणवते, ती इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते त्यातल्या उजव्या माउंटिंगची आहे. ते काम अण्णांनी दिवाळीपर्यंत थांबू शकते असे सांगितले आहे.